लाइनवर राहा

बॅगेत दोन गाऊन, जावयानं दिलेला थर्मास,
आणि वेगळ्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेली ती.
धंतोलीतल्या दवाखान्याच्या काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"बाहेरची मशीन चालत नाही, काकू."
म्हटलं, बाबा, तिच्याशिवाय मीच चालत नाही.

मग ढोक नावाचे एक जण आले, खिशात टेस्टर.
वायर वाकवून पाहिली, पिन पाहिली,
टरबूज घेतल्यासारखी वाजवून पाहिली,
आणि हिरवं स्टिकर चिकटवलं: तपासले, ठीक.
टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली,
मला असं कुणी लिहून दिलं नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या,
झोपेत श्वास थांबतो?
थांबतो.
किती वेळा?
तासाला एकेचाळीस.
त्यांचा पेन जरा अडला.
दिगंबरचं मी सांगितलं नाही.

मशीन येण्याआधी अकरा वर्षं
तो कुशीवर वळून मोजायचा.
वीस झाले की खांद्याला एक बोट लावायचा.
हाक नाही, हलवणं नाही, फक्त बोट.
सकाळी चहा गाळताना म्हणायचा,
"काल सत्तावीसपर्यंत गेली होतीस."
जणू मी पचमढीला जाऊन आले.
मशीन आली आणि तो रात्रभर झोपू लागला,
घोरूसुद्धा लागला, म्हणे. मला काय ऐकू येणार?
तो गेला त्या रात्रीही
माझ्या कानात हवेचाच आवाज होता.

पट्टे डोक्यावरून ओढले की
एक्स्चेंजचा हेडसेट आठवतो.
रात्रपाळी, समोर दोऱ्यांचं जाळं,
गोंदिया, बल्लारशा, दुर्ग.
"तीन मिनिटं झाली, वाढवू का?"
बोलता बोलता कुणाचा आवाज बुडायचा,
पलीकडून नुसतं हॅलो हॅलो,
आणि मी म्हणायची, लाइनवर राहा, जोडून देते.
कधी जोडलं जायचं. कधी नाही.

पित्ताशय काढलं. खडे बाटलीत घालून जावयाला दाखवले.
पण शुद्धीवर येताना मशीन माझ्याजवळ नव्हती,
ती तिसऱ्या मजल्यावर, लॉकरमध्ये, टॉवेलात.
मला आठवतं ते एवढंच की कुणीतरी ओरडत होतं,
ते मॉनिटर होतं, हे मागून कळलं.
लिफ्टमध्ये जेवणाची गाडी अडकली होती,
सिस्टर मेश्राम जिन्यानं धावल्या,
मशीन कडेवर घेऊन आल्या, नळी मागे लोंबत.
संध्याकाळी त्यांनी पांढऱ्या पट्टीवर माझं नाव लिहून
तिच्या पाठीवर चिकटवलं: सौ. लांजेवार.
सौ. खोडावं असं मला वाटलं. राहू दिलं.

दोन खाटांत एकच प्लग.
शेजारच्या बिल्कीसआपांचा नातू त्यात मोबाईल लावून
दिवसभर गेम खेळायचा.
बाहेर शेहेचाळीस, आत एसी,
तरी मोमिनपुऱ्याच्या आपा पहिल्या रात्री तळमळत होत्या.
"इथं आवाजच नाही वो बाई,
कूलरबिगर झोप कशी लागल?"
दुसऱ्या रात्री मी मुखवटा चढवला,
फस्स, फस्स सुरू झालं,
आणि आपा भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या,
"हां. आता कसं."
मिनिटात घोरायलाही लागल्या.

अडीच वाजता लाइट गेली.
मशीन गप्प. नाकावर रबर, आत माझीच शिळी हवा.
हात पट्ट्याकडे नेला आणि का कोण जाणे,
मोजायला लागले.
नऊला जनरेटर सुरू झाला.
नवातच जीव गोळा झाला होता.
वीस म्हणजे केवढे असतात,
आणि तो अंधारात ते एकेक करून,
रोज.

पहाटे नातू चार्जर घेऊन आला,
दबक्या पावलांनी प्लगपाशी वाकला.
आपांनी डोळे न उघडता
त्याच्या हातावर चापट मारली.