विसर्गासकट

पाटी रंगवणारा पेंटर दर वेळी तिचा विसर्ग गाळायचा.
उषप्रभा चौबळ.
ती स्टुलावर चढायची, माझ्या पेटीतल्या काजळाने
दोन ठिपके द्यायची, आणि उतरता उतरता म्हणायची,
"श्वास आहे तो माझा. तोच काढलात
तर उरलेल्या बाईला नाइट कशाची देणार?"

मी तिचे केस करते. एकतीस वर्षं.
कोलबाडहून चालत यायचे, तलावपाळीवरच्या
घोडागाड्यांच्या वासातून, विगांची पेटी छातीशी धरून,
गडकरीच्या मागच्या दाराने आत.
लोकांनी तिचा चेहरा पाहिला.
मी मान पाहिली. आणि टाळूवरची ती खूण,
जिथून भांग कधीच सरळ जात नाही.
सतराव्या वर्षी तालमीहून उशिरा घरी आली,
वडिलांनी भरला तांब्या भिरकावला.
"माझं पहिलं पारितोषिक," ती सांगते. "तांब्याचं."

विधवेचा प्रवेश होता. सगळं नाट्यगृह रडवेलं,
आणि तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी फोन किणकिणला.
तिने पदराने डोळे टिपले, हुंदका गिळला,
"घ्या हो. आमच्या ह्यांचाच असेल.
पोचले का, तेवढं विचारा."
टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली,
आणि पुढचं वाक्य अशी बोलली
की हसणारेच पुन्हा रुमाल शोधू लागले.

एक निर्माता म्हणाला, बाई, जीभ आवरा.
"आवरते. मग संवाद कोण म्हणणार, तुमचा चेक?"
तो चेक त्यानंतर दोन वर्षं कुणाकडूनच आला नाही.
तेव्हा मी वसंत विहारच्या नवऱ्या सजवायचे.
ती माझ्या हाताखाली यायची, अंबाडा होईस्तोवर
तोंडात पिना धरून उभी राहायची.
एका नवरीने ओळखलं. "तुम्ही त्याच ना?"
तिने नुसती मान हलवली.
तोंडात पिना होत्या.
त्या दिवसांबद्दल ती विनोद करत नाही.

मग घोडबंदर रोडवरचा तो बंगला, प्लायवूडच्या भिंतींचा,
जिथे देवघरातली समईसुद्धा बॅटरीवर.
अडतिसाव्या वर्षी मी तिच्या कानशिलांवर पांढरा रंग लावला
आणि पस्तिशीचा एक दाढीवाला तिला आई म्हणू लागला.
"बाळंतपण अगदीच सोपं गेलं," ती म्हणाली.
नऊ वर्षं तो रंग मी रोज लावला.
खालचे केस कधी खरेच पांढरे झाले
ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

ओव्हरटाइम मागितला म्हणून तिला मारलं.
जिन्यावरून पडून, एका शुक्रवारी, जाहिरातींच्या आधी.
पण फोटो लागला भिंतीवर, हार घालून,
आणि सुनेची सगळी भांडणं त्या फोटोखालीच होऊ लागली.
तिने पत्र पाठवलं: मी रोज सेटवर हजर आहे,
एकही रीटेक घेतलेला नाही,
जेवणही मागत नाही. निदान अर्धी शिफ्ट द्या.
दिली. हिशेबनीस हसला म्हणून दिली.

जांभळी नाक्यावर भाजीवाली कोथिंबिरीचे पैसे घेईना.
गेलेल्या माणसाकडून कसे घ्यायचे?
"मग दोन जुड्या दे," ती म्हणाली,
"तेराव्याला लागेल."

मालिका संपली, सेट मोडला, स्पॉटबॉय फोटो घेऊन आला.
तो आता उथळसरच्या तिच्या खोलीत, दारासमोरच टांगलाय,
हारासकट. नवा माणूस आत येतो, बघतो,
चपला काढता काढता आवाज खाली आणतो,
आणि मोरीतून ती ओरडते, "बसा, चहा टाकते."

परवा केस विंचरताना मी म्हटलं, हार तरी काढू का?
"प्लास्टिकचा आहे, राहू दे. मला पुरून उरेल."
आरशात तिने स्वतःकडे पाहिलं, मग फोटोकडे.
"रविवारी प्रयोग आहे. त्या बाईपेक्षा जरा बरी दिसेन असं कर."
टाळूवरच्या खुणेपाशी कंगवा अडखळला.
नेहमीसारखा.
मी भांग वळवून घेतला.