तीस एमएल

खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं मापाला.
पाच, दहा, पंधरा, रेघा अजून शाबूत.
दोनदा भरलं काठोकाठ, झाले तीस.
त्याहून थेंब जास्त नाही,
सिस्टरची सवय ती, रिटायर होऊनही जात नाही.

बर्फाचा ट्रे फ्रीजला असा चिकटलेला
की उलथन्यानं सोडवला.
ग्लास म्हणे उंच हवा.
आमच्याकडे उंच म्हणजे
दाविदच्या लग्नात आलेला सरबताचा सेट,
सहातले चार उरलेले, अंगावर केशरी फुलं.
त्यातला एक गळ्यापर्यंत बर्फानं भरला,
वरून जिन सोडली
तर एक खडा तडकला –
टिण्ण.
समोर दस्तगीरभाई सतारीची जवारी काढत बसलेले,
कानस थांबवून खिडकीकडे बघत म्हणाले,
सिस्टर, सूर लागला तुमचा.

सोडा मात्र गोटीचाच.
मार्केटाजवळच्या कोळेकरच्या गाड्यावरून
बाटली परत आणते अशी शपथ घेऊन आणलेला.
अंगठ्यानं गोटी दाबली, फस्स,
मग ग्लास तिरका धरून, कडेकडेनं,
सलाईन सोडतात तसा. घाई नाही.
चमचा एकदाच खालून वर.
ढवळत बसलं की बुडबुडे रुसतात.
लिंबू पिळायचं नाही,
सालीचा काप मुरगळून वर टाकायचा, बस.

मिरजेत आज एक्केचाळीस डिग्री.
शांतवन पाय बादलीत सोडून कोकम पीत बसलाय.
म्हणतो, चर्चमधल्या कुणी बघितलं तर?
म्हटलं, बघू देत, सोडाच दिसतोय.

नाकाशी नेला
आणि थबकले.
चौतीस वर्षं हाच वास आधी यायचा,
ओला बोळा, गार पडलेला दंड,
मग कुणीतरी डोळे घट्ट मिटायचं.
पोरं तर वासानंच भोकाड पसरायची,
सुई दिसायच्या आत.
मी म्हणायचे, काही नाही रे, मुंगी चावेल.
रोज म्हणायचे. खोटंच.

आता वासामागून सुई आली नाही.
लिंबू आलं,
आणि कुठल्याशा थंड मुलखातल्या झाडाचा
कडसर हिरवेपणा,
ज्याचं नाव मला ठाऊक नाही.

घोट घेतला.
मुंगी चावली. जिभेवर, हलकेच.

शांतवननं विचारलं, कसं आहे?
म्हटलं, पुढचा पेशंट पाठवा.
त्यानं कोकम संपवलं,
रिकामा ग्लास पुढं केला
उगाचच बाही वर सारून.

ओट्यावर बाटलीत गोटी खुळखुळतेय.
उद्या आठवणीनं परत द्यायची.