न पेटलेली शेकोटी

पंचायतीचा माणूस स्कूटरवरून सांगून गेला:
सातनंतर उजेड नको. शेकोटीही नको.
सलाईनची खोकी फाडून आम्ही खिडक्या झाकल्या.
सिस्टर एफिजेनियाने पंपाच्या लाल ठिपक्यावर
चिकटपट्टी लावली, दोनदा.

दाबोळीला विमानं उतरेनात,
नागपूरची तिघं आलीच नाहीत.
त्यांच्या नावांच्या टोप्या खुंटीवर आहेत.
किती ताटं मांडू, म्हणून फोन लावला,
शिबिर फुकट आहे, म्हटलं.
पलीकडून एक आई म्हणाली,
रस्ता फुकट आहे का?

सुरूची लाकडं सकाळीच रचून झाली होती.
मुलं तरीही भोवती बसली,
कानटोप्या, मास्क, वाळूत रुतलेली एक चाकाची खुर्ची,
आणि थंड लाकडांपुढे हात शेकू लागली.
"सरक ना, झळ लागते," यास्मिन म्हणाली.
ठिणगी उडाली म्हणून दर्पणने पाय मागे घेतला.

मग त्यानेच विचारलं:
माझ्या केमोच्या सहा फेऱ्या उरल्यात,
युद्धाच्या किती?
मी स्वयंपाकी.
सोलकढीत मीठ किती, तेवढं सांगू शकतो.

पुरसो वेळीप, कासवांचा राखणदार,
हसला तेव्हा नुसते दात दिसले:
"गालजीबागेत आम्ही नेहमी असेच.
उजेड दिसला की ती परत फिरते."

कारवारच्या बाजूने काहीतरी घरघरत गेलं.
कुणी वर पाहिलं नाही.
खाली वाळूत काही ओढल्याचा आवाज येत होता,
जड, थांबत थांबत,
आणि सगळी मुलं श्वास धरून बसली होती,
यास्मिनसुद्धा,
जिला खोकला आवरत नाही.