चतुःसीमा

ओहोटी लागलेली. खांबांवरच्या घरांचे पाय
मांडीपर्यंत उघडे पडलेले.
मी चिखलात उभा, हातात मोजपट्टी, बुटात पाणी.
पलीकडे, साठ पावलांवर, ओयार्सोबाई
तिपाईवरच्या दुर्बिणीला उजवा डोळा लावून.
डावा मिटलेला.
तीस वर्षं तो डावा असाच मिटत आलेला.

"लिबोरिओ, पट्टी खुंटीवर ठेव."
ठेवलीच आहे, बाई.
"मला खुंटी दिसत नाही."
खुंटी आहे, खुंटीवर पट्टी आहे, पट्टीमागे मी आहे.
"तुझे बूटही नाहीत."
यावर काय बोलणार?
एक पाय उचलून दाखवला, तोल गेला,
नव्या धक्क्याच्या मोजणीसकट मी आडवा.

बाई हसल्या नाहीत.
काच पुसली, रुमालाने, मग शर्टाच्या टोकाने.
दुर्बीण टेकडीकडे वळवली:
चर्चला पायऱ्या नव्हत्या.
मग उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, मग डाव्यावर,
मग परत उजव्यावर,
शंकेची नोट दुकानदार उजेडात धरतो
तसं सगळ्या खाडीला उलटसुलट पाहिलं.
दोन्ही डोळे उघडले की सगळं जागच्या जागी,
खुंटी, बूट, मी, अंगभर चिखल.

लोकांना वाटतं तिथे काळं दिसत असेल.
मासळीवाल्या रोसाल्बाने तेच विचारलं.
बाई म्हणाल्या, तुझ्या कोपराला काय दिसतं?
रोसाल्बा बराच वेळ कोपराकडे बघत राहिली.
काळं नाही गं, पांढरंही नाही.
शेजारचा चिखल हळूच सरकून तिथे बसतो
आणि चिखलासारखाच दिसतो,
म्हणून कोणी त्याला हटकत नाही.

पुएर्तो मोंतच्या दवाखान्यात
पांढऱ्या वाडग्यासमोर हनुवटी टेकवून बसवलं.
मधल्या ठिपक्यावर नजर, उजेड लुकलुकला की बटण.
परतीच्या बोटीवर बाई म्हणाल्या,
"चार-पाच वेळा मी अंदाजाने दाबलं."
मोजणीत अंदाज?
"घाबरले होते," म्हणाल्या, पाण्याकडे बघत.

डॉक्टर पोरगेलासा. म्हणाला, मागची एक शीर,
केसाएवढी, तुंबली. तिच्या पाण्यावरचा तुकडा सुकला.
तो आता हिरवा व्हायचा नाही.
बाकीचं सांभाळा: मीठ, गोळ्या, सिगारेट.
हातात कागद दिला, त्यावर एका कोपऱ्यात करडे ठिपके.
बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला:
"याला स्केल कुठे आहे?"

तेव्हा रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात
आम्ही ती जागा परत मोजली.
लाकडी भिंतीवर कागद, कागदात मधोमध खिळा.
बाईंची हनुवटी टेबलावरच्या उलट्या बादलीवर,
डाव्या डोळ्यावर बटाट्याच्या पोत्याची पट्टी.
मी तारेच्या टोकाला कोटाचं लाल बटण लावून
भिंतीवरून सरकवतो.
"आहे. आहे. आहे. गेलं."
पेन्सिलीची खूण.
पलीकडून येतो.
"नाही. नाही. अजून नाही. आलं."
खूण.
चुलीवर सूप आटलं. बेचाळीस खुणा झाल्या.
जोडल्या तर एक शेत निघालं, वाकड्या बांधाचं,
डावीकडे नाक, खाली गाल, वर खिळ्याची वाट,
उजवीकडे अजून नांदती जमीन.

तारीख घातली, प्रमाण घातलं,
उत्तर कुठे, यावर थोडं अडलं, मग बाण कपाळाकडे.
मध्ये काय लिहायचं?
तळ्यात पाणी लिहितात, माळावर पडीक.
बाईंनी पेन्सिल चावली.
लिहिलं: मोजलेली.

आता त्या डावा डोळा लावतात.
उजव्याला मिटायची सवय नाही, तो भलत्या वेळी उघडतो,
म्हणून टोपी त्याच्या बाजूला ओढलेली.
चहा ओतताना कधी कपाची कड चुकते,
तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो.
आणि चिखलात, पट्टी उभी केली की
आकडा वाचायच्या आधी
मी एक बूट उचलून धरतो.
साठ पावलांवर हात वर होतो.
ठेवतो पाय खाली. तोवर पाणी घोट्याला लागलेलं असतं.