दोर

सप्टेंबर. होड्या पुन्हा पाण्यात.
मी विंचला ग्रीस लावतोय
आणि बांधावरून बायोकाकी विचारते,
"खंय होतंस रे इतके दिवस?"
बीरला, म्हटलं. हिमाचलात.
"थंय दर्या आसा?"
नाय.
"मगे लोक जेवतत कशाबरोबर?"

काय सांगू.
वाफेवरच्या पुरचुंड्या, लाल चटणी,
चहात मीठ घालतात.
मीठ म्हटल्यावर तिचं जरा समाधान झालं.

देवबागेत आम्ही माणसं उडवतो ती दोराला बांधून.
एक फेरी, एक फोटो,
पाय पाण्यात बुडवायचे तर शंभर रुपये जास्त.
तिथे दोरच नाही.
डोंगराच्या धारेवर उभं करतात
आणि पाठीला बांधलेला ताशी ओरडतो,
धाव! बसू नकोस!
वीस वर्षं गिऱ्हाइकांना "घाबरू नका" सांगणारा मी
मध्येच बसलो.
दोघेही गवतात लोळलो.
दुसऱ्या खेपेला जमीन संपली
तरी पाय चालतच होते,
उलट्या पडलेल्या कुर्लीसारखे.

राहायला यांगचेन आजीकडे.
माझ्या पिशवीतल्या सुक्या बांगड्यानं
तिची कुत्री दोन रात्री झोपली नाहीत.
पहाटे मठात लांब तुतारी वाजायची,
मला वाटायचं, धुक्यात ट्रॉलर वाट चुकलाय.
तुमचं गाव कुठलं, एकदा विचारलं.
तिनं हनुवटीनं बर्फाकडे दाखवलं. पलीकडे.
आईच्या पाठीवरून आलेली,
आठवते ती फक्त घोंगडी.
आणि तुझं?
मोबाइलवर दाखवली तिला
खाडी नि समुद्रामधली ही वाळूची पट्टी,
मग निळ्यावर बोट टेकवलं:
इथे आजोबांची विहीर होती. गोड्या पाण्याची.
ती निळ्याकडे बघत राहिली
स्क्रीन विझेपर्यंत.
मग चहा ओतला.

तिनं दिलेल्या पताका होडीच्या काठीला बांधल्या.
दिवाळीपर्यंत खाऱ्या वाऱ्यानं अक्षरं खाल्ली.
"काय लिवलेला होता?" काकीनं विचारलं.
माका वाचूक येणा नाय. वाऱ्यासाठी असतं ते.
"मगे वाचून झाला आसतला,"
म्हणाली, आणि टोपली उचलून लिलावाला गेली.

आज इचलकरंजीचं जोडपं.
जॅकेटचे पट्टे आवळताना मुलगी विचारते,
धावायचं का?
होडीत कुठे धावणार, ताई.
नुसतं बसा. दोर आहे.

विंच सोडला. दोर कुरकुरत गेला.
विहिरीच्या वर कुठेतरी
त्यांचे पाय लोंबकळताना दिसले.