सात नमुने

खोतीगाव. तुळशीच्या लग्नाला आठ दिवस होते.
कुळागरासाठी पाला ओढून आणायच्या वाटेवर
गुणो वेळीपने कुजत्या पानांचा थर उचलला,
जसं कुणी झोपलेल्या पोरावरचं पांघरूण
नुसतं बघण्यापुरतं उचलतं.

ओंजळभर माती. गाळणीत घातली.
वर चाळीसचा बल्ब, खाली बाटली.
माती वरून तापत जाते,
ओल शोधणारं सगळं खाली खाली सरकतं
आणि शेवटी पडतं. एवढीच युक्ती.
पद्धत जुनी आहे, आणि थोडी लबाड.

त्या दिवशी माझं अल्कोहोल संपलं होतं.
गुणोने घरातून फेणी आणली,
आधी स्वतः घोटभर घेऊन पाहिली, मग दिली.
म्हणून या जातीचे पहिले सात जीव
काजूच्या वासात मेले.
निबंधात मी ‘स्थानिक इथेनॉल’ लिहिलं.
परीक्षकाने समासात विचारलं: किती टक्के?
गुणोला फोन लावला.
तो म्हणाला, “बरी आशिल्ली.”

लांबी: शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर.
रंग: नाही.
डोळे: नाहीत. डोळ्यांच्या जागी डागसुद्धा नाही,
आधी काही होतं अशी खूणही नाही.
मिशा: चार पेरांच्या, चौथं पेर सगळ्यात लांब,
त्यानेच ते जग चाचपत असावं.
(हे वाक्य नंतर खोडलं. ‘असावं’ चालत नाही.)
नर: माहीत नाही. सातही माद्या.

मग केस.
ताळगावच्या खोलीत, पंखा बंद करून,
कारण काचपट्टी हलते,
चार महिने मी केस मोजले.
पहिल्या खंडावर, दुसऱ्या खंडावर, डावीकडे, उजवीकडे,
कुठला गुळगुळीत, कुठला काटेरी,
कुठला तुटलेला आणि फक्त त्याची खळगी उरलेली.
आपण म्हणतो ‘केसभर फरक’,
म्हणजे फरक नसल्यासारखाच.
इथे दुसऱ्या खंडावर एक केस जास्त आहे,
सातही जणींना, त्याच जागी.
तेवढ्यावर जात ठरली.
जातीच्या दाखल्यासाठी गुणोने
काणकोणच्या मामलेदाराकडे नऊ फेऱ्या मारल्या होत्या.
मला एक केस पुरला.
हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही,
दुसऱ्या दिवशी आठवून हसला.

नावाचा प्रश्न उरला.
तुझंच देते म्हटलं. तो दचकला:
“म्हजें नाका. तें कुड्डें.”
आंधळं आहे खरं, मी म्हटलं, पण अडखळत नाही.
तो म्हणाला, “उलो मारल्यार येना,
ताका नांव कित्याक?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं,
संग्रहालयाच्या कपाटाएवढं लांब,
क्रमांकांसकट.
दिलं नाही.
शेवटी त्याच्याही भाषेत, माझ्याही भाषेत
एकच असलेला शब्द घेतला, ओल,
आणि त्याला लॅटिन शेपूट लावलं.

छापलेला अंक आला तेव्हा तो ताळगावला आला होता,
मुलीच्या कॉलेजच्या कामाला.
आकृती तीन त्याने बराच वेळ पाहिली:
पोटाखालची कमान, दोन फाट्यांची, टोकाशी आकडा,
कमानीशेजारी मापाची रेघ.
अंक उलटा धरून पाहिला. सरळ धरून पाहिला.
“हें न्हय,” म्हणाला.

सगळं बरोबर आहे, मी म्हटलं. तीनदा तपासलंय.
तो म्हणाला, पान उचललं तेव्हा आठ होती.
तू बाटलीचं झाकण शोधत होतीस.
आणि अंगठ्याच्या नखाखाली बोट दाबून
टेबलावर, लेबलांच्या शेजारी,
त्याने टिचकी मारली.

कुठे गेलं
ते आम्ही दोघांनी मान वळवून पाहिलं.