सात नंबर

स्मरणिका काढायची म्हणून कॉलेजातला पोरगा आला,
वही उघडून म्हणाला, आजी, टेलिफोन कंपनीचा इतिहास सांगा.
मी म्हटलं, बस. आधी पाणी पी.
इतिहास जिनिंगच्या पत्र्याखाली सुरू होतो,
सरकीच्या वासात.

फसली तेराशे बावन्न. अकरा भागीदार,
प्रत्येकी शंभर हाली रुपये,
झुंबरलाल लाहोटींचे तेवढे तीनशे.
बोरगव्हाण ते सेलू स्टेशन, अकरा मैल तार,
मधे दुधना.
गाठी वॅगनमध्ये चढल्या का, भाव काय फुटला,
एवढं विचारायला माणूस घोडीवर जायचा.
घोडी थकली, म्हणून कंपनी.
हे कुणी लिहीत नाही. घोडीचं नाव बिजली होतं.

दहा लायनींचा बोर्ड हैदराबादहून आला,
शेवटचे अकरा मैल बैलगाडीत, कडब्यात गुंडाळून.
एक नंबर जिनिंग, दोन स्टेशन,
तीन डॉक्टर, चार करोडगिरी नाका,
पाच लाहोटींची माडी, सहा चौकी.
सातची तार ओढून ठेवली होती, पुढं कुणी घेईल म्हणून.
कुणी घेतला नाही.
आठ, नऊ, दहा नुसती भोकं.

खांबांचे खड्डे आमच्या वस्तीनं खणले.
खड्ड्याला दोन आणे, मुरूम लागला तर तीन.
माझा बाप सटवा खणता खणता
चढायला शिकला आणि लाइनमन झाला.
त्यानं तार शिवलेली चालायची,
जिनिंगचा हौद नाही.

बोर्डावर आधी मुन्शी वजीरसाब.
पोलीस ॲक्शनच्या साली जालन्याला जातो म्हणून गेले.
महिनाभर बोर्ड मुका.
मग एका सकाळी त्यांची बायको, हमीदाआपा, येऊन बसली,
बुरखा खुंटीला, हेडफोन कानाला.
भागीदार जमले, ठरावावर भांडले,
तेवढ्यात स्टेशनची घंटी वाजली
आणि तिनं जोडून दिलं.

वादळात सातची पडदी आपोआप पडायची, टप्.
नुसतं वारं असायचं तारेत.
आपा तरी विचारायची, कौन?
एकदा उत्तर आलं.
दुधनेच्या पल्याड, एकशे चौदाव्या खांबावर
कातडी पट्टा कमरेला आवळून
बापानं तपासणीचा फोन सातच्या तारेला लावला होता:
मी हाय, सटवा. सांधली तार.
तेव्हापासून सात नंबर म्हणजे
बाप ज्या खांबावर असेल तो खांब.

मी झाले त्या दुपारीही तो असाच कुठंतरी वर.
त्यानं तार लावली, आपा म्हणाली,
सटवाभाऊ, लडकी हुई.
बाप गप्प. मग म्हणाला, रडली का?
घर जिनिंगपासून अर्धा कोस. आवाज आणायचा कुठून?
तर आपानंच तोंड लावून
ट्यँहँ ट्यँहँ केलं, किती तरी वेळ,
शेवटी तीन नंबर डॉक्टर मधे घुसून विचारू लागले,
कुणाचं लेकरू आहे, ताप किती?
बाप सांगायचा, तुव्हं पहिलं रडनं आपाच्या तोंडचं,
म्हणून तू अशी घसा फोडून बोलतीस.

सत्तावन्न साली खात्यानं कंपनी घेतली.
मोजदाद झाली. बोर्ड एक, खांब दोनशे बारा,
ग्राहक सहा.
आपाला लिहिता यायचं ते उर्दूत,
ती परभणीला भावाकडं गेली.
बाप रोजंदारीवर राहिला, मग तेही नाही.

पोरानं पेन थांबवलं. म्हणजे ग्राहक सहाच ना?
मी म्हटलं, सहा बसलेले. एक चढता-उतरता.
त्यानं लिहिलं, सहा.

दारात माझं लुगडं वाळत होतं.
तांबं भंगारात निघालं तेव्हा
बापानं दहा हात तार मागून घेतली होती.
मी म्हटलं, जाताना वाकून जा बाबा,
गळ्याला लागते ती.